तिथीची पाऊणपट

आमचा पहिला सांघिक पाठ पडला. पाठ पडणं म्हणजे नापास होणं नव्हे. निरीक्षणाला बसलेल्या मॅडम मध्येच लिहायच्या थांबतात, पेनाला टोपण लावतात आणि खिडकीबाहेर बघू लागतात, तेव्हा पाठ पडलेला असतो. आमचं टोपण सतराव्या मिनिटाला लागलं. तास होता पस्तीस मिनिटांचा. पुढची अठरा मिनिटं आम्ही कशी काढली, ते आमचं आम्हाला माहीत.

मी रत्नागिरीत बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पद्धती, म्हणजे शिकवायचा विषय, भूगोल. गाव माण तालुक्यात. आमच्याकडे पाण्याला भरती येते ती टँकर आल्यावर. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं आणि एकूण २० आठवडे शाळेत काढायचे ठरले, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. या आंतरवासितेसाठी मला खाडीकाठची एक शाळा मिळाली. सातवीचा वर्ग, एकतीस मुलं, आणि वाट्याला घटक कोणता, तर भरती-ओहोटी. होस्टेलवर दोन आठवडे हाच विनोद चालू होता. घाटावरचा मास्तर खाडीवरच्या पोरांना समुद्राचं पाणी चढतं कसं ते सांगायला निघालाय.

जोडीला होत्या ताई. पद्धती गणित. बीएस्सी झाल्या झाल्या लग्न, मग संसार, मुलगी पाचवीत गेल्यावर बीएडला प्रवेश. वर्गात सगळ्यांपेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठ्या, म्हणून कॉलेजभर त्या ताईच. मला त्या 'अरे बाबा' म्हणतात. रागावल्या की नुसतं 'बाबा'.

सांघिक अध्यापनाची व्याख्या आम्हाला झोपेतही येते. दोन किंवा अधिक शिक्षकांनी एकत्र नियोजन करून, आपापल्या कौशल्यानुसार एकाच विद्यार्थिगटाला शिकवणे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनच्या फ्रँकलिन शाळेत १९५७ साली याचा मोठा प्रयोग सुरू झाला, हेही उत्तरपत्रिकेत लिहिता येतं. पण एका वर्गात दोन शिक्षक खरोखर शिकवताना आमच्यापैकी कुणीच पाहिले नव्हते. माझ्या शाळेत दुसरे सर वर्गात आले की ते सूचनेच्या वहीवर सही घ्यायला आलेले असायचे.

त्यामुळे आम्ही केलं ते सगळे करतात तेच. पाठटाचण निम्मं-निम्मं वाटून घेतलं. पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन आणि विषय विवेचनाचा पहिला भाग माझा. मध्ये व्हिडिओ. विवेचनाचा दुसरा भाग, संकलन आणि गृहपाठ ताईंचा. मी माझी पानं व्हॉट्सअॅपवर पाठवली, त्यांनी त्यांची पाठवली, झेरॉक्सच्या दुकानात दोन्ही एकत्र स्टेपल झाली. झालं एकत्र नियोजन.

व्हिडिओ घ्यावाच लागतो. निरीक्षण तक्त्यात 'तंत्रज्ञानाचा वापर' असा स्वतंत्र रकाना आहे आणि त्याला पाच गुण आहेत. शाळेत माजी विद्यार्थ्यांनी दिलेला मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनल होता, फळ्यापेक्षा जरा लहान. त्याला जुन्या चादरीचा, कडेने नीट शिवलेला अभ्रा. रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटात, कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा मधल्या सुट्टीच्या आधी खिचडीपाशी. तंत्रज्ञानाच्या तासांना कॉलेजात परितेवाडीचं उदाहरण नेहमी निघतं. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० सालचा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली, हा भाग ताईंना जास्त आवडायचा. ते उदाहरण ऐकताना आपल्या हातून असं काही होईल असं वाटत राहतं. मग किल्ली शोधायची वेळ येते.

तर पहिला पाठ. मी प्रस्तावना केली, ती बरी झाली. मग व्हिडिओ लावला. चार मिनिटांचा. निळी पृथ्वी, तिच्या दोन बाजूंना पाण्याचे दोन फुगवटे, बाहेरून चंद्र फिरतोय, मागे संगीत. मी पॅनलच्या कडेला उभा, ताई दाराशी, एसटीची वाट बघत उभं राहावं तशा. व्हिडिओ संपला, ताई पुढे आल्या आणि त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला त्याचं उत्तर मी आधीच सांगून बसलो होतो. मुलं एकमेकांकडे बघून हसली. मी ज्याला फुगवटा म्हटलं त्याला ताई उंचवटा म्हणाल्या, मग दोन मुलींना वाटलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

"सर, पण दिवसाचं नि रात्रीचं पाणी सारखं कुठे असतं?"

व्हिडिओत दोन्ही फुगवटे सारखे होते. मला उत्तर येत नव्हतं. सूक्ष्म अध्यापनात सहा-सहा मिनिटांच्या पाठांत प्रबलन कौशल्य, म्हणजे मुलांना शाबासकी देणं, घोटून घेतलेलं असतं, ते अशा वेळी बरोबर कामाला येतं. मी म्हणालो, "छान! चांगला प्रश्न विचारलास. नंतर बघू."

टोपण लागलं ते इथे.

पाठानंतरच्या चर्चेत मॅडम फार बोलल्या नाहीत. एकच विचारलं, "व्हिडिओ चालू होता तेव्हा तुम्ही दोघं कुठे बघत होता?" आम्ही गप्प. चार मिनिटं वर्गात दोन शिक्षक होते आणि दोघंही मुलांबरोबर पडद्याकडे बघत होते. तक्त्यात मात्र तंत्रज्ञानाला पाचपैकी पाच पडले.

परतीच्या एसटीत ताई खिडकीशी बसल्या. पावसाची झड येत होती म्हणून काच लावलेली, आत कोंदट. निम्म्या वाटेपर्यंत काही बोलल्या नाहीत, मग एकदम म्हणाल्या, "त्या पोराचं बरोबर आहे. पावसाळ्यात दिवसाचं पाणी मोठं असतं, थंडीत रात्रीचं. माझं माहेर गुहागरकडचं, मला माहीत आहे. मी दारात उभी होते म्हणून बोलले नाही. माझा भाग सुरू झाला नव्हता ना."

हे वाक्य मला लागलं. उत्तर वर्गात होतं, दारापाशी उभं होतं, आणि आमच्या वाटणीत त्याची पाळी आली नव्हती.

कारण आम्ही नंतर शोधलं. व्हिडिओत चंद्र बरोबर विषुववृत्ताच्या वर दाखवतात. प्रत्यक्षात तो कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला सरकतो, मग दोन्ही फुगवटे तिरके होतात आणि एकाच किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या कमी-जास्त उंचीच्या येतात. सातवीच्या पुस्तकात हे नाही, आणि नसावंच. पण सातवीतल्या मुलाच्या घरात होतं.

त्याच एसटीत मला तिथीची पाऊणपट कळली. ताईंचे वडील होडीवर जायचे नाहीत, पण खाडी ओलांडायची तर पाणी बघावं लागायचं. हिशेब सोपा. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पहाटेही तेवढेच, संध्याकाळीही तेवढेच. कोकण किनाऱ्यावर हे जुन्या माणसांना पाठ असतं. मी पंचवीस वर्षांचा झालो, भूगोलात पदवी घेतली, भांगाची (अष्टमीच्या सुमाराची, लहान) भरती आणि उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेची, मोठी) भरती यांतला फरक आकृतीसह लिहून आलो. पण उद्या पाणी किती वाजता चढेल असं कुणी विचारलं असतं तर मोबाइल काढला असता.

"अरे बाबा, हा अपूर्णांकांचा गुणाकार आहे," ताई म्हणाल्या. "हा माझाच पाठ आहे."

दुसऱ्या पाठाला दोन आठवडे होते. या वेळी पानं वाटून घेतली नाहीत. एकच गूगल डॉक उघडलं, मी होस्टेलवर आणि ताई मुलगी झोपल्यावर घरी. दोघांचे कर्सर एकाच पानावर. आपण लिहिलेलं वाक्य आपल्या डोळ्यांदेखत मागून कुणीतरी खात येतंय, हे बघणं सोपं नसतं. मी उद्दिष्टांत लिहिलं, 'विद्यार्थी भरती-ओहोटीची कारणे सांगतो.' ते गेलं. त्या जागी अक्षर अक्षर उमटत गेलं, 'विद्यार्थी उद्याच्या भरतीची वेळ काढतो व जेटीवर जाऊन तपासतो.' मी 'तपासतो' च्या पुढे कंसात टाकलं, 'पावसात?' त्यांनी टाकलं, 'छत्री.' रात्री साडेअकराला मी एकटाच हसलो. वर्षभरात मी वापरलेल्या तंत्रज्ञानात सर्वांत कामाची गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर ही एवढीच सांगेन, आणि ती मुलांना दिसलीसुद्धा नाही.

वर्गातली नऊ मुलं जेटीजवळ राहतात. त्यांना श्रावण शुद्ध सप्तमीपासून एकादशीपर्यंत पाच संध्याकाळी नोंद करायला सांगितली. पाणी चढायचं कधी थांबलं, ती वेळ. कितव्या पायरीपर्यंत आलं, तो आकडा. बाकीच्यांनी घरातल्या मोठ्या माणसाला विचारून यायचं. पहिल्या दिवशी नऊ मुलांच्या नऊ वेळा आल्या, कारण पाणी 'थांबलं' म्हणजे काय यावर वाद. तो मुलांनीच मिटवला. काठाशी वाळकं पान टाकायचं, ते ना आत ना बाहेर, जागच्या जागी डुलायला लागलं की वेळ लिहायची.

त्रयोदशीला दुसरा पाठ. सुरुवातीला पॅनल अभ्र्यात. ताई फळ्यापाशी, आणि मी ठरल्याप्रमाणे शेवटच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, त्या प्रश्नवाल्या मुलाच्या शेजारी. माझं काम फक्त मुलांकडे बघायचं.

तिथे बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जे दिसलं ते मी आधीच्या दोन आठवड्यांत पाहिलं नव्हतं. डावीकडच्या खिडकीचा सगळा उजेड पॅनलच्या जागेवर पडत होता. अभ्रा काढून पॅनल लावला तेव्हा शेवटच्या दोन रांगांना पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात फक्त बाहेरचा माड दिसत होता, हलणाऱ्या झावळ्यांसकट. मी त्या मुलाला हळूच विचारलं, "मागच्या वेळी व्हिडिओ दिसला होता का रे?" तो म्हणाला, "अर्धा चंद्र दिसला, सर." म्हणजे वर्गातला सर्वांत नेमका प्रश्न ज्याने विचारला, त्याला आमचं तंत्रज्ञान दिसलंच नव्हतं. मी उठलो, पॅनलचा अभ्रा घेतला आणि खिडकीच्या दोन खिळ्यांना टांगला. त्या चादरीचा इतका चांगला उपयोग आधी झाला नसेल.

पॅनल या वेळी कशाला लावला, तर आठवडाभर आभाळ गच्च होतं आणि चंद्र कुणालाच दिसला नव्हता. स्टेलॅरियम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एकदा घातलं की नेटशिवाय चालतं. त्यात आमचं ठिकाण टाकून पाचही संध्याकाळचं आकाश ढगांशिवाय दाखवलं. सप्तमीचा चंद्र सूर्य मावळताना दक्षिणेला उंचावर, मग रोज थोडा थोडा पूर्वेला मागे राहणारा. तीन मिनिटं. मुलं 'आं' करून बघत होती, आणि या वेळी मी मुलांकडे बघत होतो. कोण चंद्र बघतंय, कोण ताईंच्या बांगड्या, सगळं दिसतं मागून.

मग ताईंनी पाऊणपट काढायला सांगितली. शाळेतून पावकी-पाऊणकी, म्हणजे पाव नि पाऊणचे पाढे, म्हणायची पद्धत गेली, त्यामुळे सुरुवातीला अडखळले. तीन गुणिले आठ भागिले चार. एकदा जमल्यावर प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंतचं कोष्टक फळ्यावर चढलं. शेवटची ओळ, पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. खाली पुन्हा प्रतिपदा, पाऊण वाजता.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, रोज पाऊण तास पुढे जातं ना? मग पौर्णिमेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी पाऊण. एकदम दीड तास?"

ताईंनी खडू खाली ठेवला. त्यांच्या पाठटाचणात हे नव्हतं. आमच्या गूगल डॉकमध्येही नव्हतं. वडिलांचा हिशेब त्यांनी लहानपणापासून केला होता, पण पौर्णिमेच्या पुढे त्याचं काय होतं ते कधी बघितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाकावरूनच मान हलवली, मलाही माहीत नाही. मुलांनी हे बघितलं. दोन शिक्षक एकमेकांना 'येत नाही' म्हणताना त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितले असतील.

"थांबा," ताई म्हणाल्या. "पंधरा तिथींत पाणी घड्याळाची एक फेरी पूर्ण करतं. म्हणजे बारा तास. बारा तासांची मिनिटं किती?"

"सातशे वीस."

"भागिले पंधरा?"

अठ्ठेचाळीस. पंचेचाळीस नव्हे. रोज तीन मिनिटं बुडत होती, आणि पंधरा दिवसांचा तो बुडालेला पाऊण तास पौर्णिमेच्या रात्री एकदम वर येत होता. अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे तासाचे चार पंचमांश. मग कोष्टक पुन्हा. अष्टमीला सहा वाजून चोवीस मिनिटं, पौर्णिमेला बरोबर बारा. एवढं झाल्यावर वर्गात गलका. "म्हणजे आमचे आजोबा चुकतात?" दुसरा म्हणाला, "आजोबांना घड्याळ कुठे लावायचंय, होडी काढायचीय. अर्धा तास इकडेतिकडे चालतं." तिसरीने तर चार पंचमांश करून बघायचं आव्हानच दिलं, होडीत उभं राहून, तोंडी. पाऊणपट कुणालाही करता येते. हे मला फार पटलं.

पण जेटीच्या नोंदी दोन्ही कोष्टकांना जुमानेनात. सप्तमी-अष्टमीच्या वेळांत पन्नासेक मिनिटांचं अंतर, मग तासाचं, नवमी-दशमीला सव्वा तासाचं. नऊही मुलांची. मुलं म्हणाली आमचं चुकलं असेल. इथे माझी पाळी होती, आणि या वेळी ती पाठटाचणात लिहिलेली नव्हती. मला मागून दिसलं की वर्ग अडलाय, म्हणून मी उठलो. फळ्यावर पृथ्वी काढली, अष्टमीचा चंद्र एका बाजूला, सूर्य काटकोनात. दोघं दोन दिशांना ओढतात, म्हणून भांगाला पाणी कमी चढतं, हे पुस्तकात आहे. त्याच ओढाताणीत भरतीची वेळही बदलते. उधाणाच्या सुमारास दोन दिवसांतलं अंतर पन्नास मिनिटांच्या आत राहतं, भांगाच्या सुमारास तासाच्या वर जातं. तुमच्या नोंदी बरोबर आहेत, कोष्टक सरासरीचं आहे.

"भांगाला पाणी रेंगाळतं," माझ्या शेजारचा तो मुलगा म्हणाला. "आजोबा म्हणतात."

मॅडम लिहीत होत्या. टोपण टेबलावर होतं.

घंटा झाली तेव्हा संकलन राहिलं होतं, मूल्यमापनाचे प्रश्न राहिले होते, गृहपाठ राहिला होता. त्याचे गुण गेले. तंत्रज्ञानाला पाचपैकी तीन, कारण दृक्-श्राव्य साहित्य 'अपुरे'. निरीक्षण तक्त्यावर छात्राध्यापकाचं नाव लिहायला एकच ओळ. सांघिक पाठाचा तक्ताही तोच, त्यामुळे ओळीत ताईंचं नाव आणि माझं समासात, 'सहायक' म्हणून. मी शेवटच्या बाकावर बसून जे केलं त्याला कुठला रकाना द्यायचा, हा मॅडमचाही प्रश्न होता. त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूला पाच ओळी लिहिल्या. त्या मोजल्या जात नाहीत. मी त्यांचा फोटो काढून ठेवला आहे.

एक मात्र सांगायला हवं. हे सगळं जमलं कारण आम्ही दोघं रिकामे होतो. ज्या सरांचा हा तास, ते आमच्या पाठाच्या वेळी शेजारच्या शिक्षक नसलेल्या वर्गावर होते. भूगोल, इतिहास आणि हिंदी अशा तीन विषयांचे तास त्यांच्याकडे. एका वर्गात दोन शिक्षक ही चैन त्यांना आयुष्यात कधी मिळणार? मी हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "ते राहू दे. ते चंद्राचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून दे जाण्याआधी." आणि खिडकीवरची चादर त्यांनी उतरवली नाही. पॅनलला आता खाकी कागद लावलाय.

'नंतर बघू' अजून बाकी होतं. त्रयोदशीनंतर दोनच दिवसांनी नारळी पौर्णिमा. आदल्या रात्री त्या मुलाने आजोबांबरोबर जेटीवर जाऊन रात्रीच्या भरतीची पायरी मोजून ठेवली. सणाच्या दिवशी मी आणि ताई सकाळी साडेदहालाच पोचलो. होड्या रंगवून पताका लावलेल्या, सोनेरी कागद गुंडाळलेले नारळ, बायकांची गर्दी. ताईंनी मुलीला बरोबर आणलं होतं. आजोबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हेच काय घाटावरचे मास्तर?"

पाणी साडेअकरा वाजून गेले तरी चढत होतं. रात्रीची पायरी बुडाली, वरची एक बुडाली, आणि त्याच्याही वरच्या पायरीच्या कडेशी झेंडूची एक पाकळी डुलायला लागली. ना आत ना बाहेर. मुलाने वही काढली.

सुट्टीनंतर वर्गात हे त्यानेच सांगितलं, फळ्यावर पायऱ्या काढून. एक पायरी जास्त काढली, ती दुसऱ्या बाकावरच्या मुलीने उठून पुसली. आम्ही दोघंही मागे होतो. बाक तिघांचा होता, ताईंना जागा करायला मी भिंतीला चिकटलो.